पूल खेळायला नव्याने जाताय? आधी चॉकची रीत समजून घ्या

पूल पार्लरमध्ये नवीन माणसाला सगळं सांगितलं जातं. तासाचा रेट काय, कुठलं टेबल रिकामं आहे, टेबलाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे की अर्धे-अर्धे. पण टेबलाच्या लाकडी काठावर पडलेल्या त्या निळ्या ठोकळ्याबद्दल, म्हणजे चॉकबद्दल, कुणी चकार शब्द काढत नाही. तो कसा लावायचा, कुठे उभं राहून लावायचा, लावून झाल्यावर कसा ठेवायचा, हे सगळं आईच्या पोटातून शिकून आल्यासारखं गृहीत धरलेलं असतं. मग पहिल्याच दिवशी मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा माणूस, लांबूनच ओरडतो, "ओ दादा, टेबलावर नको, बाजूला होऊन लावा." समोरचा खेळाडू तोंड वाकडं करतो. आणि आपलं नेमकं काय चुकलं, ते घरी पोचेपर्यंत कळत नाही.

पुण्या-मुंबईकडच्या पार्लरांत आणि जिमखान्यांच्या बिलियर्ड्स रूममध्ये चालते ती रीत इथे क्रमाने लिहिली आहे. जिमखान्यात ती जरा कडक असते, कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये सैल. पण गाभा एकच: चॉकची जागा टिपवर, म्हणजे खेळायच्या काठीच्या टोकावर. कापडावर, बॉलवर, समोरच्याच्या नजरेसमोर किंवा तुमच्या खिशात तो गेला, की कुणाचा ना कुणाचा खेळ बिघडतो. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

हा ठोकळा कशासाठी असतो

खेळायच्या काठीला क्यू म्हणतात. त्याच्या टोकाला असते ती चामड्याची टिप. बॉल असतो चकचकीत, गुळगुळीत रेझिनचा. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात टिपने बॉलला पकडलं नाही तर ती घसरते. चिरका आवाज येतो आणि व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, भलतीकडेच जातो. याला मिसक्यू म्हणतात. तो टाळायला टिपवर बारीक, करकरीत थर हवा, आणि चॉक तो थर देतो.

शाळेतला खडू इथे चालत नाही. पूर्वी साधा खडू आणि तसलीच भुकटी वापरत, पण १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्स खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी मिळून नव्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. त्यात वाळूतली सिलिका आणि पॉलिश पेपरवर असते तसली कठीण, खरखरीत भुकटी होती. आजचे ठोकळे त्याच वंशातले. आपल्या हातात दाबून बसवलेली खरखरीत भुकटी आहे हे एकदा लक्षात घेतलं, की मार्कर कापडावर सांडलेल्या चॉकवरून एवढा का चिडतो ते कळतं. ती भुकटी कापडाच्या धाग्यांत शिरते आणि वरून बॉल फिरत राहतात. टेबलाचं कापड बदलायचा खर्च मालकाच्या खिशातून जातो.

सोबत काय न्यावं

पहिल्या दिवशी काहीच नेलं नाही तरी चालतं. हाउस क्यू आणि चॉक पार्लरचाच असतो. आठवड्यातून एक-दोनदा जायला लागलात, की एवढं जवळ ठेवा:

- स्वतःचा चॉक, आणि तो ठेवायला छोटी डबी किंवा क्लिप. ट्रँगल किंवा मास्टर ब्रँडचा साधा ठोकळा नवशिक्याला पुरेसा आहे.
- मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं. क्यूची दांडी आणि हात पुसायला.
- तीन बोटांचा हातमोजा. पावडरीची कटकट नको असेल तर.
- गडद रंगाची पँट. पांढरी घालून गेलात तर मांडीवर निळे पट्टे घेऊनच घरी याल.

महागडे चॉकही मिळतात, कामुई किंवा टाओमसारखे. साध्या डझनाच्या बॉक्सपेक्षा एकेक तुकडा महाग. ते जास्त वेळ टिकतात आणि बॉलवर डाग कमी पाडतात, हे खरं आहे. पण हात सरळ चालत नाही तोवर ते पैसे क्लबच्या टेबलावर घालवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. क्यू घेतला की आधी टिप बघा

भिंतीवरच्या स्टँडमधून हाउस क्यू घेताना लोक तो टेबलावर लोळवून सरळ आहे का ते बघतात. टिपकडे कुणाचंच लक्ष नसतं. टिप घुमटासारखी गोल हवी. सपाट झालेली, काचेसारखी चमकणारी किंवा कडेने बाहेर पसरलेली टिप असेल तर चॉक त्यावर बसतच नाही. कितीही घासा, पहिल्या फटक्याला उडून जातो. अशा वेळी दुसरा क्यू घ्या किंवा मार्करला सांगा. त्याच्याकडे टिप खरवडायचं साधन असतं. तुम्ही स्वतः ती भिंतीवर किंवा फरशीवर घासू नका. मीही पोरांना असं करताना पाहिलं आहे, आणि त्यानंतर मार्करच्या तोंडून जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही.

२. चॉक फासा, गिरमिट चालवू नका

नवखे हमखास करतात तो प्रकार म्हणजे ठोकळा टिपवर दाबून धरायचा आणि क्यू गरागरा फिरवायचा. किर्र किर्र आवाज येतो, भारी वाटतं. पण यात चॉक टिपच्या मधोमध बसतो आणि कडा कोरड्या राहतात. स्पिन देताना टिपची कडच बॉलला लागते, म्हणजे नेमका जिथे हवा तिथेच चॉक नाही. शिवाय ठोकळ्याला खोल भोक पडतं, आणि त्या भोकाच्या कडा टिपखालच्या पांढऱ्या भागाला, फेरूलला, घासत राहतात. एखाद्या क्यूचा फेरूल कायमचा निळा पडलेला दिसला तर समजा, तो बऱ्याच गिरमिटवाल्यांच्या हातून गेला आहे.

बरोबर पद्धत अशी. क्यू तिरका धरा, टिप साधारण छातीच्या उंचीवर. ठोकळा दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांत हलका धरा. टिपच्या कडेवरून मध्याकडे हलके फटकारे मारा, क्यू थोडा वळवा, पुन्हा फटकारे. चार-पाच फटकाऱ्यांत काम होतं. मग टिप डोळ्यांजवळ आणून उजेडात बघा. सगळीकडे सारखा निळा थर दिसला पाहिजे. कुठे चामडं चमकत असेल तर तेवढ्याच जागी पुन्हा फासा.

थर पातळ हवा. जास्त चॉक म्हणजे जास्त स्पिन, हा पार्लरमधला सगळ्यात टिकाऊ गैरसमज आहे. जाड थरातला वरचा भाग फटका बसताच धुरळ्यासारखा उडतो आणि कापडावर बसतो. स्पिनची मर्यादा वेगळीच आहे. पूलचा बॉल सव्वादोन इंच व्यासाचा. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण १४ मिलिमीटरवर, टिप घसरण्याची हद्द येते. त्यापलीकडे मारलंत तर अख्खा ठोकळा टिपवर चढवूनही मिसक्यू होणारच.

किती वेळा लावायचा? साधा चॉक असेल तर दर शॉटआधी. एकदा लावून तीन-चार शॉट निघतात, पण पाचव्याला घसरलं की आख्खी फ्रेम, म्हणजे डाव, जातो. लावायची सवय हाताला लागली पाहिजे, डोक्याला नव्हे.

३. टेबलापासून एक पाऊल मागे या

सगळ्यात जास्त बोलणी याच गोष्टीवरून खावी लागतात. कापडाच्या वर क्यू धरून चॉक लावू नका. फासताना जी भुकटी झडते ती थेट खाली पडते. निळ्या कापडावर निळी भुकटी दिसत नाही म्हणून ती नाही असं होत नाही. टेबलाकडे पाठ करा किंवा एक पाऊल मागे येऊन लावा. त्याच वेळात पुढच्या शॉटचा विचारही होतो.

टिपवर फुंकर मारायची असेल तर तीही टेबलापासून दूर. क्यू काठावर आपटून चॉक झटकण्याची खोडही मोडा. जिमखान्यात तेवढ्यावरून क्यू खाली ठेवायला लावतील.

चुकून कापडावर चॉक सांडलाच तर तळहाताने पुसू नका. पुसल्याने तो धाग्यांत आणखी खोल जातो आणि हाताच्या घामाने डाग धरतो. मार्करला सांगा, तो ब्रश आणेल. स्नूकरच्या कापडाला एका दिशेने लव असते आणि ब्रश त्या दिशेनेच मारावा लागतो, बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या, बाजूकडून काळ्या बॉलच्या बाजूकडे. पूलचं कापड बहुतेक ठिकाणी बिनलवेचं असतं, पण तरी ब्रश मार्करच्याच हातात शोभतो.

४. ठोकळा ठेवताना खळगा वर

चॉक लावून झाला की ठोकळा लाकडी काठावर ठेवा, आणि ठेवताना वापरलेली बाजू, म्हणजे खळगा पडलेली बाजू, वर ठेवा. उलटा ठेवला तर काठावर निळा चौकोन उमटतो. पुढचा माणूस लांबच्या शॉटसाठी तिथेच हात टेकतो, मग त्याच्या तळव्यावर निळं, तिथून क्यूवर निळं, तिथून शर्टावर. बाही त्याची, आणि शिव्या तुम्हाला.

कापडावर ठोकळा कधीच ठेवायचा नाही, क्षणभरसुद्धा. उशीवर, म्हणजे कापड चढवलेल्या कुशनवरही नाही. तिथून तो घरंगळून बॉलला लागला तर भांडण ठरलेलं. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत हे साफ आहे: चॉक, कपडे, केस, आपल्या ताब्यातलं जे काही आहे, त्या सगळ्याची जबाबदारी शॉट घेणाऱ्याची. हातातून निसटलेला चॉक बॉलला लागला तर तो फाऊल तुमच्या नावावर. स्नूकरमध्येही टिपखेरीज कशानेही बॉलला स्पर्श झाला तर फाऊल, आणि समोरच्याला किमान चार गुण.

अजून एक बारकी गोष्ट. काठावर ठिपके किंवा हिऱ्यासारख्या खुणा असतात. बँक शॉटचा, म्हणजे कुशनला आपटून मारायच्या शॉटचा, अंदाज घ्यायला त्या खुणांचा उपयोग होतो. पण चॉकचा ठोकळा नेमक्या जागी ठेवून त्याच्याकडे नेम धरणं हे खूण करण्यात मोडतं. मित्रामित्रांत कुणी बोलणार नाही. स्पर्धेत रेफरी बोलेल. म्हणून ठोकळा दर वेळी ठरलेल्या जागी ठेवा, म्हणजे शंकाच नको.

५. समोरच्याची पाळी असताना हात शांत ठेवा

समोरचा खाली वाकला की चॉक लावणं थांबवा. आवाज बारीक असतो, पण शॉटच्या क्षणी तो कानात जातो. त्याच्या नेमाच्या रेषेत उभं राहून तर अजिबात लावू नका. हलणारा हात डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतोच. आपली पाळी येण्याआधी टिप तयार ठेवायची असेल तर स्वतःचा चॉक खुर्चीवर बसून, तो दोन शॉटच्या मध्ये चालत असताना लावा.

आणि पाळी संपली की पार्लरचा ठोकळा मुठीत घेऊन खुर्चीवर जाऊ नका. एका टेबलाला बहुतेक वेळा एकच चॉक असतो. समोरचा शॉट बघून ठेवतो, हात लांब करतो आणि चॉक जागेवर नाही. मग "चॉक कुठंय? चॉक दे रे" असं सुरू होतं आणि त्याची लय तुटते. काही जण हे मुद्दाम करतात, हेही तुम्हाला कळेलच.

६. दुसऱ्याचा चॉक म्हणजे दुसऱ्याचा

काठावर दोन ठोकळे असतील, एक कुस्करलेला आणि एक डबीत नीट ठेवलेला, तर डबीतला कुणाचा तरी स्वतःचा आहे. विचारल्याशिवाय हात लावू नका. विचारलंत तर बहुतेक जण देतात. "काका, एकदा लावून बघू का?" एवढंच म्हणायचं असतं. पण तोच चॉक वापरून गिरमिट चालवलंत तर पुढच्या वेळी ते डबी खिशात ठेवतील.

खाऊन आलेल्या हाताने चॉक धरू नका. वडापावचं तेल ठोकळ्याला लागलं की त्या बाजूने तो टिपवर चढेनासा होतो, आणि हे पुढच्या माणसाला कळत नाही. तो आपला मिसक्यू का झाला याच विचारात असतो. कोल्ड्रिंकच्या ग्लासाचं पाणी काठावर सांडून चॉक ओला होतो, तोही तसाच निकामी. पावसाळ्यात दमट हवेने आधीच सगळं जड झालेलं असतं, त्यात ही भर नको. ग्लास काठावर ठेवायचाच नाही, हे खरं म्हणजे चॉकपेक्षाही आधी शिकायचं.

७. बॉलवर चॉकचा डाग दिसला तर

दर फटक्यागणिक व्हाइटवर एक निळा ठिपका उमटतो. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण दोन बॉल एकमेकांना लागतात नेमक्या त्या जागी डाग आला, तर तिथे घर्षण वाढतं, बॉल क्षणभर चिकटल्यासारखे होतात, आणि सरळ पॉट होणारा, म्हणजे पॉकेटमध्ये पडणारा, बॉल पॉकेटच्या तोंडावर आपटून मागे येतो. स्नूकरवाले याला किक म्हणतात. टीव्हीवर मोठे खेळाडू अशा शॉटनंतर रेफरीकडे बघून बॉल पुसायला का सांगतात, त्याचं कारण हेच.

स्पर्धेत असाल तर बॉल स्वतः उचलू नका, रेफरीला सांगा. तो जागेवर खूण ठेवून पुसतो आणि परत ठेवतो. रेफरी नसेल तर समोरच्याला विचारा, "व्हाइट पुसू का?" आणि त्याच्या देखत पुसा. गपचूप उचलून पँटला घासलात, तर बॉल सूतभर सरकवल्याचा आरोप होणारच.

हाच ठिपका सरावात मात्र गुरू आहे. पट्ट्याचा एखादा बॉल पट्टा उभा राहील असा ठेवा, पट्ट्याच्या मधोमध मारायचं ठरवून फटका द्या आणि मग निळा ठिपका कुठे उमटला ते बघा. आपण मध्यावर मारतोय असं मनाला वाटत असतं आणि ठिपका दर वेळी उजवीकडे असतो. कुठल्याही कोचच्या भाषणापेक्षा हे लवकर पटतं.

८. पावडर म्हणजे चॉक नव्हे

पार्लरच्या कोपऱ्यात टाल्कम पावडरचा डबा असतो. ती हाताला लावायची, क्यू बोटांतून सरकावा म्हणून. टिपला लावायची नाही. टिप आणखी घसरते. चिमूटभर घ्या, दोन्ही हात एकमेकांवर चोळा आणि जास्तीची कचऱ्याच्या डब्यावर झटका. कापडावर उमटलेले पांढरे पंजे हा मार्करच्या रागाचा दुसरा मोठा विषय. घाम फारच येत असेल तर हात धुवून पुसा. पावडरीच्या थरावर थर चढवून काही होत नाही.

९. क्लबमध्ये किंवा स्पर्धेत जाताना

जिमखान्यांत हे सगळं जास्त काटेकोर असतं, आणि बऱ्याच नव्या पोरांना तो साहेबी नखरा वाटतो. पण बिलियर्ड्स आपल्याकडे उपरा खेळ राहिलेला नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी जागतिक विजेते झाले, तेव्हा कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव लागलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७ मध्ये तेच विजेतेपद मिळवलं. अशा टेबलांभोवती वाढलेले म्हातारे मार्कर अजून काही क्लबांत आहेत. ते चॉकवरून टोकतात तेव्हा ऐकून घ्या. पुढच्या पाच मिनिटांत तेच तुमचा क्यू धरण्याचा हातही सुधारून देतील, फुकट.

स्पर्धेत चॉक बहुधा स्वतःचा आणायचा असतो. कापडाच्या रंगाशी जुळणारा आणा. निळ्या कापडावर लाल चॉक घेऊन गेलात तर आयोजक नको म्हणू शकतात. शॉट झाला की तो काठावर न सोडता खिशात किंवा क्लिपमध्ये ठेवा. स्नूकरवाले तर वेस्टकोटच्या खिशातून काढतात आणि तिथेच परत ठेवतात.

१०. टेबल सोडताना

वेळ संपली की क्यू स्टँडमध्ये, बॉल ट्रेमध्ये किंवा ट्रँगलमध्ये, आणि पार्लरचा चॉक काठावर, खळगा वर. ठोकळा इतका झिजला असेल की टिप खोल भोकात बुडते, तर तो मार्करच्या हातात द्या आणि नवा ठेवायला सांगा. हात धुवा, मग फोनला आणि खाण्याला हात लावा.

निघताना खिसे तपासा. चॉक खिशात घालून जाणं ही चोरी कुणी धरत नाही, सगळ्यांकडूनच होते. पुढच्या वेळी नेऊन द्या. घरी गेल्यावर मात्र जीन्स मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे पुन्हा एकदा उलटे करून बघा, विशेषतः त्याच धुण्यात कुणाचा पांढरा शर्ट असेल तर.